फुगेवाल्याची बंदूक

ठाण्यात टेंभी नाक्याच्या नवरात्रात रुपयाला पाच छरे मिळायचे. मागे काळपट गोणपाट, त्यावर सुतळीने ओळीत बांधलेले फुगे, तेही जेमतेम लिंबाएवढे, आणि पुढे आडव्या बाकावर तीन बंदुका. पाचांत एखादा फुगा फुटायचा. बहुतेकदा तोही नाही. मग चरईकडे परतताना आम्हा सगळ्या पोरांचं एकमत होई: फुगेवाल्याने माशी वाकवलीय. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा, नेम धरताना जो मागच्या खाचेत बसवायचा असतो. वडीलही हेच म्हणत, शेजारचे काकाही हेच म्हणत. देवीच्या दर्शनाइतकंच हेही दरवर्षीचं. तो उत्सव 1978 साली आनंद दिघे यांनी सुरू केला, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा, आणि माझ्या डोक्यात त्याची आरास नाही, मंडप नाही, हा रुपया राहिलाय.

गेल्या दिवाळीच्या आधी जांभळी नाक्यावर कुकरची रिंग घेत होतो. प्लास्टिकच्या कागदावर रिंगा, नेलकटर, नाड्या, सेफ्टी पिना मांडून एक म्हातारे गृहस्थ बसलेले. रिंग ताणून दाखवताना त्यांनी एक डोळा मिटला आणि ती दुसऱ्या डोळ्यासमोर धरली. मी उगाच म्हटलं, "काका, नेम धरताय का?" तर म्हणाले, "तीस वर्षं तेच केलं, भाऊ. टेंभी नाक्याला फुग्याचा गाळा होता माझा."

2020 साली जत्रा बंद झाल्या. दोन वर्षं एकही फुगा फुगवला नाही, आणि पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा छातीत दम राहिला नव्हता, असं त्यांनी सांगितलं. तीन बंदुकांपैकी दोन भंगारात गेल्या. एक किसननगरच्या खोलीत खाटेखाली होती. पुढच्या रविवारी मी ती बघायला गेलो. पोत्यात गुंडाळलेली, दस्त्याला निळं फडकं बांधलेलं. तीनशे मागितले, मी पाचशे दिले, आणि चादरीत लपेटून रिक्षाने घरी आलो. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं, पण काही विचारलं नाही.

घरी मात्र विचारलं. बायकोने "आता हे काय?" एवढंच. सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले, चादरीतून बाहेर आलेलं टोक बघून त्यांचा चेहरा उजळला, "कबुतरांसाठी का?" ठाण्यात छऱ्याची बंदूक दिसली की हाच प्रश्न येतो. तेव्हा एकदाच सांगून टाकतो. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मि.मी. पर्यंतच्या नळीची आणि 20 ज्यूलपर्यंत जोर असलेली हवेची बंदूक ठेवायला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणून जिवंत प्राण्यावर रोखायची मुभा मिळत नाही. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, 1972 चा वन्यजीव कायदा आहे. 2021 मध्ये अरुणाचल प्रदेशात एअरगन सरेंडर अभियान निघालं, तिथल्या गावकऱ्यांनी आपल्या बंदुका आणून सरकारजमा केल्या. कारण साधं, जंगलात पक्ष्यांचे आवाज कमी झाले होते. आमच्या मागे येऊरचं जंगल आहे. सेक्रेटरींना मी जाळी लावायला सांगितली.

मी बंदूक का आणली, याचं खरं कारण जरा लाजिरवाणं आहे. मला पुरावा हवा होता. आयुष्यभर हिशेब तपासले, जमा-खर्चाच्या वह्यांत खाडाखोड शोधली. इथे तर गुन्ह्याचं हत्यारच पाचशे रुपयांत मिळालं होतं. त्याच रात्री टेबलावर दिवा ओढून, पोस्टाची तिकिटं बघायच्या भिंगातून आधी माशी बघितली. माशी ताठ होती. इकडे नाही, तिकडे नाही. मग मागची खाच बघितली आणि खुर्चीतून उठलोच. खाचेवर कानशीचे ओरखडे होते. कोणीतरी हाताने, बऱ्याच वेळा, ती खाच खोल खोल घासत नेली होती. सापडला चोर! डोंबिवलीच्या चुलतभावाला फोन केला. रात्री साडेदहाला तो म्हणाला, "मी म्हणत नव्हतो?"

आता ती चालू करायची हौस आली. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली दुमडून, ताणली, छर्रा घातला, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर चाप ओढला. बंदूक खोकली. छर्रा नळीच्या तोंडाशी आला आणि टेबलावर घरंगळला.

उपवन तलावाकाठी सकाळी फिरताना भेटणारे नाना वागळे इस्टेटमध्ये टर्निंगचा गाळा चालवतात. वागळे म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत. नानांच्या तरुणपणी तिथे भोंग्यावर घड्याळं लावत, आता अर्ध्या गाळ्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत, पण नानांचं लेथ, म्हणजे लोखंड फिरवत कातायचं यंत्र, जागच्या जागी आहे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आणा शुक्रवारी. तोवर उघडू नका. आणि उघडलीत तर स्प्रिंगच्या मागे तोंड न्यायचं नाही."

मी बुधवारी उघडली.

दस्त्याचे तीन स्क्रू निघाले. त्यांच्या डोक्यांवर आधीच्या कारागिरांचा इतका राग निघाला होता की खाचा उरल्याच नव्हत्या, रात्रभर रॉकेल सोडून ठेवावं लागलं. लाकूड सुटून आलं आणि आतलं लोखंडी नळकांडं हातात राहिलं. मागच्या टोकाला एक बूच, त्यातून आरपार आडवी पिन. पिन काढली की बूच निघणार, बूच निघालं की स्प्रिंग. मला वाटलं, स्प्रिंग ताणलेली नाही, बंदूक तर मोकळी आहे. इथेच चूक होते. या बंदुकीची स्प्रिंग मोकळी असतानाही मोकळी नसते. बसवतानाच ती दोन-अडीच इंच दाबून कोंडलेली असते, म्हणजे तीस-पस्तीस किलोचं पोतं त्या बुचाला आतून खांदा देऊन बसलेलं. मी बूच तळहाताने दाबून खिळ्याने पिन ठोकली. पिन गेली, तळहात सरकला, आणि बूच माझ्या काखेखालून जाऊन वॉशिंग मशीनवर आदळलं. स्प्रिंग जास्वंदीच्या कुंडीत. मशीनच्या पत्र्याला पोचा आहे, त्यावर बायकोने आता कॅलेंडर टांगलंय. ज्यांना हा उद्योग करायचाय त्यांनी सुताराचा शिकंजा वापरावा, बूच त्यात पकडून आटा-आटाने सैल करावं, डोळ्यावर चष्मा असावा. आणि नाना सांगतील त्या शुक्रवारपर्यंत थांबावं.

शुक्रवारी गाळा बंद असतो. नानांनी ताटात रॉकेल ओतलं आणि एकेक तुकडा त्यात सोडला. स्प्रिंग दोन ठिकाणी तुटून, तुटकी वेटोळी एकमेकांत फिरून बसली होती. मग नळीच्या बिजागरीचा बोल्ट काढला, नळी वेगळी झाली, आणि नळकांड्यातून दट्ट्या ओढून काढला.

शाळेत 'दट्ट्या' हा शब्द पाठ केला होता, हातात पहिल्यांदा आला. आणि मग कळलं की छऱ्याच्या बंदुकीत स्प्रिंग छऱ्याला ढकलतच नाही. स्प्रिंग दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवेला, आणि हवा छऱ्याला. नळी मोडताना एक दांडा दट्ट्याला मागे नेतो, तिथे तो चापाच्या आकड्यात अडकतो. चाप ओढला की दट्ट्या सुटतो आणि पुढची हवा क्षणात चिमूटभर जागेत दाबली जाते. बारीक भोकातून ती हवा छऱ्याच्या पाठीवर बसते. गंमत ही की छर्रा हलतो तेव्हा दट्ट्या जवळजवळ पोचलेला असतो. म्हणजे छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक एकदा मागे आणि एकदा पुढे हिसका खाते. म्हणून ही बंदूक आवळून धरायची नसते. तान्ह्या पोराचं डोकं धरावं तशी सैल धरायची, तिला तिचा झटका दर वेळी सारखाच खाऊ द्यायचा. 10 मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दहाचा ठिपका अर्धा मि.मी.चा असतो. तिथे या धडपडीला जागा नाही, म्हणून बीजिंगला 2008 साली अभिनव बिंद्राने सुवर्ण घेतलं ते स्प्रिंगने नाही, आधीच भरून ठेवलेल्या हवेने. आमच्या शेजारी पनवेलला नेमबाज सुमा शिरूर पोरं घडवतात, तिथेही तेच.

दट्ट्याच्या तोंडावर चामड्याचा वॉशर होता. होता म्हणजे, आमसूल झालं होतं त्याचं. काळा, आखडलेला, कडा आत वळलेल्या. हवा दाबायची ती याच्या कडेने निघून जात होती. नानांनी तो नाकाशी नेला आणि माझ्यापुढे केला. "वास घ्या." खोबरेल!

त्या वासाने मी गाळ्यातून उठून थेट चरईच्या स्वयंपाकघरात. आईचा पितळी स्टो. पंप मारून मारून हवा भरेना की आई पंपाचा दांडा उपसायची, टोकाचा चामड्याचा वॉशर खोबरेल तेलात बुडवायची आणि केसातल्या पिनेने त्याच्या कडा बाहेर फुलवायची, चकलीचा काठ सुटा करावा तशा. मग पंप पुन्हा घट्ट जायचा. तेच यंत्र! सायकलच्या पंपात तेच, गावाकडच्या हातपंपात तेच. चामडं कोरडं पडलं की हवा पळते, तेलाने फुगलं की धरते.

पण बंदुकीत खोबरेल घालण्याने दोन भानगडी होतात, आणि त्या दोन्ही मी लहानपणी डोळ्यांनी बघितल्या होत्या. पहिली धुराची. बार झाला की या बंदुकीच्या तोंडातून निळसर धूर यायचा, आम्हाला वाटायचं आत दारू आहे. नाना म्हणाले, "डिझेल इंजिनाला प्लग नसतो, ठाऊक आहे ना? हवा जोरात दाबली की तापते आणि तेल पेटतं. तेच हे." दट्ट्यापुढचं तेल दर बाराला जळत होतं, आतून काजळी धरत होती. दुसरी भानगड थंडीची. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं. फुगेवाले काका बंदुका घेऊन मुरबाडजवळच्या म्हसाच्या जत्रेला जात, ती पौष पौर्णिमेला भरते, घोंगड्यांसाठी आणि गुरांच्या बाजारासाठी नावाजलेली. पहाटेची थंडी म्हणजे दात वाजतात. मी त्यांच्याकडे बंदूक घेताना ते म्हणाले होते, "म्हसाला ती आळसावते. दुपारी बारापर्यंत शेकोटीजवळ ठेवावी लागते." मी हसलो होतो. बंदुकीच्या पोटात गोठलेलं तेल होतं.

वॉशर आम्ही केला. विकत मिळतो, प्लास्टिकसारखा, पण स्टोच्या आठवणीने मला चामड्याचाच हवा होता. स्टेशनजवळच्या चांभारदादांकडून सोलचं तीन मि.मी. जाडीचं चामडं घेतलं. नानांनी 25 मि.मी. भोकाची एक लोखंडी कडी आणि तिच्यात बसणारा गोल ठोकळा लेथवर काढून दिला. चामड्याची चकती कोमट पाण्यात तासभर भिजवली, कडीवर ठेवली, ठोकळा बोल्टने आवळत नेला. चामडं कुरकुरत आत गेलं आणि त्याची वाटी झाली. दोन दिवस सावलीत वाळवली, उन्हात नाही, उन्हात तडकते. मग काठ ब्लेडने सारखा केला. सिलिकॉन तेलात रात्रभर ठेवून पुसून काढली. नळकांड्यात दट्ट्या घातला, तोंडावर अंगठा ठेवून ढकलला, आणि सोडला तर तो हवेवर उसळून परत आला. नाना फक्त "हं" म्हणाले. नानांचं "हं" म्हणजे मोठं सर्टिफिकेट.

स्प्रिंग आणायला मुंबईला गेलो. दुकानातल्या मुलाने दोन पुढे केल्या आणि जाड तारेची माझ्या हातात कोंबली, "ही घ्या साहेब, पॉवर येईल." हा पॉवरचा रोग सगळीकडे आहे. कार असो, मिक्सर असो, बंदूक असो. मी नानांचं ऐकून हलकी घेतली. नानांचा मुद्दा साधा: नळकांड्यातली हवा तेवढीच आहे, स्प्रिंग दांडगी घातली तर हवा वाढत नाही, दट्ट्या फक्त जास्त जोरात भिंतीवर डोकं आपटतो. धक्का वाढतो, स्क्रू सैल होतात, नेम बिघडतो. शिवाय 20 ज्यूलच्या रेषेशी खेळण्यात काय मिळवायचं आहे?

जोर किती, ते माझ्या लेकीने काढलं. ती अकरावी सायन्सला. 150 ग्रॅम खेळण्यातली माती एका डबीत भरून मीटरभर दोऱ्याने गाळ्याच्या छताला टांगली, मागे जाड लोखंडी प्लेट आणि रद्दी. अर्धा ग्रॅमचा छर्रा मातीत रुतला आणि डबी 16 सें.मी. मागे झुलली. वहीत दोन ओळी खरडून तिने सांगितलं, "सेकंदाला 150 मीटर, साडेपाच ज्यूल, बाबा." मग मला संवेग अक्षय्यतेचा नियम समजावून दिला. पस्तीस वर्षांपूर्वी मला तो समजला नव्हता, डबी झुलल्यावर समजला.

पण हे नंतरचं. त्या पहिल्या शुक्रवारी वॉशर बघून झाल्यावर नानांनी नळी उचलली, ट्यूबलाइटकडे धरून आतून बघितली. नवी नळी बघितली तर आत उजेडाची कडी दिसतात, एकात एक, तळ्यात खडा टाकल्यासारखी. इथे कडी एका बाजूला सरकलेली होती. नाना काही बोलले नाहीत. नळीचा मागचा चौकोनी ठोकळा लेथच्या चार जबड्यांत पकडला, नीट मध्यावर आणला, आणि चक हाताने हळू फिरवला.

नळीचं पुढचं टोक हवेत गोल काढू लागलं. चांगलं रुपयाच्या नाण्याएवढं.

मी "बघा!" असं ओरडलोच. "माशी नाही, नळीच वाकवलीय पठ्ठ्याने!"

नानांनी खडूने नळीच्या वरच्या अंगावर खूण केली आणि पुन्हा फिरवली. टोक सगळ्यात लांब जात होतं ते खुणेच्या बाजूला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ वर. वाक नेमका ठोकळ्यातून नळी बाहेर येते तिथेच. नाना चकवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, ही वाकवलेली नाही. ही वाकलेली आहे."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. नळी मोडून ताणली, छर्रा घालायला उघडी ठेवली, आणि त्याच वेळी कोणी चाप ओढला तर दट्ट्या सुटतो आणि दांडा नळीला खाडकन वर फेकतो. नळी बंद होऊन थांबते, पण तिचं टोक थांबायला तयार नसतं, ते आणखी वर जातं. एका फटक्यात केसभर. दहा फटक्यांत दिसेलसं. मधे बोट असेल तर बोट जातं. म्हणून छर्रा भरताना नळी एका हाताने धरून ठेवायची, सोडायची नाही.

*नळी उघडी असताना चापाला हात लावायचा नाही.* हे वाक्य मी ऐकलं होतं. नऊ-दहा वर्षांचा असेन. काका छर्रा भरत होते, दस्ता माझ्या खांद्याला, आणि मला धीर नव्हता. खाट् असा आवाज झाला होता, काकांनी हात मागे घेतला होता, आणि त्यांनी मला मारलं नाही याचंच मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. तीन बंदुकांपैकी ती हीच की भंगारात गेलेल्यांपैकी, कोण जाणे. माझ्यासारखी पोरं त्या बाकापुढे दर संध्याकाळी शेकड्याने उभी राहत.

उरले कानशीचे ओरखडे. ते मी त्या रात्री कागदावर मांडले, कारण हिशेब लागला नाही तर मला झोप येत नाही. मागची खाच या बंदुकीत नळकांड्यावर आहे, वाकाच्या पंधरा सें.मी. मागे. माशी चाळीस सें.मी. पुढे. नळी वर वाकली की माशीही वर जाते, नेम धरणारा ती खाचेत आणून थोडी चूक आपोआप खातो, पण सगळी नाही. तेरा फुटांवर छर्रा सव्वातीन सें.मी. वर जायला हवा होता. आता खाच खोल केली तर? बंदूक खाली मारते. दीड मि.मी. घासलं की छर्रा सेंटिमीटरभर खाली येतो. काका बंदूक बिघडवत नव्हते, आमच्या बाजूने दुरुस्त करत होते. पोरांनी नळी वर वाकवायची, यांनी खाच खाली घासायची. घासता घासता खाच पत्र्याच्या बुडाला टेकली, पुढे घासायला लोखंडच राहिलं नाही, आणि दोन-सव्वादोन सेंटिमीटरची बाकी कायमची उरली. छर्रा लिंबाएवढ्या फुग्याचे केस विंचरून जायचा.

चुलतभावाला फोन केला नाही.

नळी सरळ करायला दुपार गेली. लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर नळी, वरून हँड प्रेस, आणि नानांचा अंगठा. लोखंड दाबलं तेवढं वळत नाही, थोडं परत येतं. म्हणून हवं त्याहून जरा पुढे दाबायचं, सोडायचं, चकवर फिरवून बघायचं. पुन्हा. मी मोजत होतो, सतरा वेळा. सतराव्या वेळी टोक जागच्या जागी फिरलं. पण आता खाच जास्तच खोल ठरली, सरळ नळीने छर्रे जमिनीकडे जाऊ लागले असते. नानांनी पितळी पट्टीचा तुकडा जुन्या खाचेवर झाळून बसवला आणि त्यात बारीक करवतीने नवी खाच पाडली. जुने ओरखडे पितळेखाली गेले. मला ते जरा लागलं, पण नानांना कसं सांगणार.

जोडणीचं फार सांगत नाही. उलट्या क्रमाने सगळं आत. मोली ग्रीस दट्ट्याच्या अंगाला आणि स्प्रिंगला बोटभर, दट्ट्याच्या तोंडापुढे थेंबही नाही. बूच शिकंज्यात. पिन आत गेल्यावर मी घाम पुसला. पहिला बार झाला तो आधीच्या ठणठणाटाऐवजी दार लोटल्यासारखा. धूर नाही. तेरा फुटांवर पाच छरे नखाएवढ्या जागेत.

काकांना पुढच्या शुक्रवारी गाळ्यात आणलं. जिना चढून आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला. लेकीने फुग्यांचं पाकीट काढलं तर म्हणाले, "द्या इकडे." दम नाही म्हणणाऱ्या माणसाने दोन मिनिटांत सहा फुगे केले, सगळे लिंबाएवढे. मी विचारलं, "काका, एवढेच का फुगवता?" ते हसले. "मोठा फुगवला तर आंधळ्यालाही लागेल. धंदा आहे ना, भाऊ."

सुतळी ताणली, मागे रद्दी आणि प्लेट. त्यांनी बंदूक घेतली, निळ्या फडक्यावर हात फिरवला. नळी मोडताना एकदम थांबले. "हलकी झाली." छर्रा बसवेपर्यंत डाव्या हाताची बोटं नळीवरून ढळली नाहीत. मग बंद केली, गाल लावला, एक डोळा मिटला.

पहिला छर्रा फुग्याच्या बुडाखालून रद्दीत. दुसरा तिथेच. तिसराही, आधीच्या दोघांच्या भोकात गेला असावा, कारण कागदावर तिसरं भोक दिसेना. लेक माझ्याकडे बघू लागली. नाना खिडकीबाहेर.

मी पुढे होऊन म्हटलं, "काका, नळी आता सरळ केलीय. खाली नाही, सरळ नेम धरा."

त्यांनी बंदूक खाली घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "सरळच धरला होता की."